पडद्यामागचा पंच

व्हिडिओ गेममध्ये हरणारा मुलगा आपलेच कौशल्य उणे पडले असे मानतो. वस्तुस्थिती नेहमीच तशी नसते. १९७८ साली जपानच्या तैतो कंपनीने आणलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू मरत जात, तसतसे उरलेले अधिक वेगाने चाल करून येत. कारण मोठे मौजेचे होते. पडद्यावर काढावयाच्या आकृत्या घटल्या की यंत्राच्या प्रोसेसरवरील भार हलका होई! निर्माते निशिकादो यांनी ही उणीव तशीच राहू दिली आणि तीच खेळाचा प्राण ठरली.

२००५ च्या ‘रेसिडेंट एव्हिल ४’मध्ये मात्र योजना हेतुपुरस्सर होती. खेळाडू वारंवार मेला की शत्रू गुपचूप सौम्य होत. ही दया की फसवणूक? आमच्या मते दयाच. तीत कोणाचा खिसा कापला जात नव्हता.

२०१७ साली अमेरिकेत ॲक्टिव्हिजन कंपनीस मिळालेल्या पेटंटची गोष्ट निराळी. विकाऊ शस्त्र बाळगणाऱ्या निष्णात खेळाडूशी नवख्याची गाठ घालावी, म्हणजे त्यालाही ते विकत घेण्याचा मोह पडेल, अशी ती युक्ती. ती कोणत्याही खेळात वापरलेली नाही, असे कंपनीने तेव्हा सांगितले. ते खरे धरले, तरी पडताळून पाहण्याची सोय खेळाडूला कोठे आहे? पंच आणि दुकानदार एकच असेल, तर निदान तेवढे तरी खेळाच्या वेष्टनावर छापणे कायद्याने बंधनकारक करावे.