फ्रेमचा भाव
‘फ्रेम केवढ्याला?’ असे दूरध्वनीवर विचारणाऱ्या गिऱ्हाइकास लगेच आकडा सांगू नये. आधी माप विचारावे. १२ × १८ इंचांच्या छायाचित्राचा घेर ६० इंच. पट्टी इंचभर रुंद असल्यास तिरप्या कापात सुमारे ८ इंच अधिक लागतात. भोवती दोन इंचांचा माउंट घेतला, की तीच पट्टी ८४ इंच, म्हणजे ७ फूट होते. काचही दीड चौरस फुटांवरून अडीचच्या घरात जाते. हा हिशेब काच, पुठ्ठा, हूक व मजुरीसह कागदावर मांडून दाखवावा. दिवंगत वडिलांचे छायाचित्र घेऊन आलेला माणूस घासाघीस करीत नाही, हे प्रत्येक दुकानदार जाणतो. त्याच्यापुढेही तोच दर ठेवावा आणि स्वस्त पट्टीचे दोन नमुने आपणहून काढावेत.