कारण काय लिहायचं?

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयात दोन संगणक आले, इंटरनेट आलं, तेव्हा आमच्या गटाने पेढे वाटले होते. दुपारी दोन ते चार ही वेळ बायकांसाठी राखून ठेवा, असा अर्जही आम्हीच केला होता आणि तो कार्यकारिणीने मान्य केला. संगणकाशेजारी एक नोंदवही असते. नाव, वेळ, सही, आणि चौथा रकाना 'वापराचे कारण'.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या एक मावशी श्रावणापासून तिथे येऊ लागल्या. भांडी घासून झाली की तीनच्या सुमारास यायच्या, कानाला हेडफोन लावून जुन्या सिनेमातली गाणी ऐकायच्या, समुद्र बघायच्या. खरा समुद्र त्यांनी अजून पाहिलेला नाही. रकान्यात त्यांनी सरळ लिहिलं, 'करमणूक'. चौथ्या दिवशी ग्रंथपालांनी सांगितलं, "बाई, हे अभ्यासासाठी आणि सरकारी फॉर्म भरायला आहे. करमणूक घरी करा."

मावशी माझ्याकडे आल्या. आणि मी काय म्हणावं? "अहो, 'शासकीय योजनांची माहिती' असं लिहा ना!"

"म्हंजे लबाडी करू व्हय?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

याच वाचनालयात खालच्या मजल्यावर सकाळपासून पुरुष मंडळी बसलेली असतात. क्रिकेट, राशिभविष्य, शब्दकोडं, पेपर तोंडावर घेऊन एखादी डुलकी. त्यांना कोणी कारण विचारत नाही. कपाटं रहस्यकथांनी भरलेली आहेत, त्या काय परीक्षेसाठी वाचतात? १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयाला अनुदान मिळतं, त्यातून या कादंबऱ्याही येतात. एके काळी बाईच्या हातात कादंबरी दिसली की घर बिघडलं म्हणायचे. आज कादंबरीला माफी मिळाली आहे, संगणकाला नाही.

आणि 'घरी करा' म्हणजे कुठे? घरात फोन असतो तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर शंभर पुरुषांपैकी ५७ जणांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं, बायकांपैकी ३३ जणींनी. वेळेचं म्हणाल तर २०२४च्या सरकारी पाहणीप्रमाणे बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. एवढं करून उरलेल्या अर्ध्या तासाचाही हिशोब द्यायचा!

ग्रंथपालांवर मी फार रागावू शकत नाही. आम्ही तरी काय वेगळं करतो? आमच्या शिबिरांत बायकांना संगणक शिकवला तो बचतगटाचे हिशोब ठेवायला, दाखले काढायला. गाणं कसं शोधायचं हे एकाही शिबिरात शिकवलेलं मला आठवत नाही. बाईला जे द्यायचं ते तिच्या उपयोगाचं, म्हणजे शेवटी घराच्या उपयोगाचं, ही समजूत आमच्याही हाडात मुरलेली आहे. २०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मुंबईतल्या बायकांविषयी लिहिलं, की काहीतरी काम आहे असं दाखवल्याशिवाय बाईला बाहेर थांबता येत नाही, आणि विनाकारण रेंगाळण्याचा हक्क मागितला. पुस्तक आम्ही गटात वाचलं, टाळ्या वाजवल्या. मावशी समोर आल्यावर मात्र मी त्यांना कारण शोधून दिलं.

आक्षेप आहेत. स्पर्धा परीक्षेच्या मुलींना संगणक हवा असतो, खरं आहे. मग प्रत्येकीला अर्धा तास द्या, नंबराप्रमाणे. संध्याकाळी कोणी पडद्यावर घाण लावून बसला तर शेजारच्या मुलीने काय करायचं, असं एका सभासदाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण ती करमणूक नव्हे, तो उपद्रव आहे. तसं करणाऱ्याला उठवावं. मावशींची गाणी त्यासाठी बंद करावी लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट. वही उघडी पडलेली असते. नवऱ्याच्या मारहाणीवर कायदा काय आहे हे शोधणारी बाई चौथ्या रकान्यात काय लिहील? कार्यकारिणीपुढे हाच मुद्दा चालेल, तोच पुढे करू, असं गटातल्या दोघींचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. तो मुद्दा मांडूच, पण त्याच्या आडोशाला राहून मागणी केली तर मावशींना पुन्हा लबाडीच करायला लावल्यासारखं होईल. यावर आमचं अजून भांडण चालू आहे.

चौथा रकाना काढून टाकावा, एवढाच ठराव आहे. पुढच्या महिन्यात वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे, आणि मत फक्त वर्गणीदार सभासदाला असतं. म्हणून सध्या आम्ही घरोघर जाऊन बायकांना सभासद करून घेतो आहोत. मावशींनी वर्गणी भरली. पावती कमरेच्या पिशवीत ठेवताना त्यांनी विचारलं, सभा दुपारी तीनच्या आधी संपेल ना.