न दुखणारा घाव

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात सावरगाव व पांढुर्णा यांच्यात गोटमार होते, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. एके वर्षी पळसाच्या झेंड्याकडे धावणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या कपाळास गोटा लागला. सदरा रक्ताने भिजला, तरी "गुरुजी, काहीच दुखत नाही," असे तो हसत सांगत होता. आम्हांस ते निव्वळ धाडस वाटले. (रागही आला, हे कबूल केले पाहिजे.)

वस्तुतः या किमयेत मज्जापेशींचा मोठा वाटा असतो. एन्केफॅलिन हे अवघ्या पाच अमिनो आम्लांचे द्रव्य ह्यूज व कोस्टरलिट्झ यांनी १९७५ साली ॲबरडीन येथे ओळखले. अफूप्रमाणेच ते वेदनेचा निरोप मेरुरज्जूत अडविते. परंतु शरीर ते उधळीत नाही. इतर कित्येक संदेशवाहक द्रव्ये मज्जातंतूच्या टोकाशीच पुन्हा भरून घेता येतात; हे मात्र पेशीच्या मुख्य देहात घडवून, सूक्ष्म पिशव्यांत भरून, तंतूतून दूरवर धाडावे लागते. म्हणूनच एखाददुसऱ्या संदेशाने हे कोठार सहसा उघडत नाही. संदेशांची झड लागावी, कॅल्शियम आत दूरवर पसरावे, तेव्हा ते उघडते. शिवाय द्रव्य बाहेर पडताच विकरे त्याचे तुकडे करू लागतात.

नदीकाठ रिता झाला, तशी ती झडही ओसरली. रात्री त्याची आई रडत आमच्या दाराशी आली. पोरगा डोके धरून कण्हत होता, ओकत होता. मिळेल त्या जीपने त्यास नागपुरास नेले, म्हणून वाचला.

त्याचा मुलगा यंदा आमच्याच शाळेत नववीत आहे, आणि पोळा दहा दिवसांवर आला आहे.