विंग चुनची कथा आणि अंगावरच्या खुणा

आठ मार्च जवळ आला की महाविद्यालयांतून मुलींसाठी स्वसंरक्षणाची शिबिरे भरू लागतात. वणीसारखी तालुक्याची गावेही याला अपवाद नाहीत. उद्घाटनाच्या भाषणात 'अबला' हा शब्द हटकून येतो, त्याचा निषेध होतो, छायाचित्रे निघतात. शिबिरांना विरोध करण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्यामागच्या गृहीतकाला: मुलगी लढायला शिकली की प्रश्न मिटला.

या गृहीतकाच्या समर्थनार्थ विंग चुनसारखा देखणा दाखला दुसरा मिळणार नाही. दक्षिण चीनमधली ही अगदी अंगाशी भिडून लढण्याची विद्या. शरीराची मध्यरेषा राखायची, आखूड व सरळ ठोसे द्यायचे, अडवणे आणि मारणे एकाच वेळी साधायचे, समोरच्याच्या जोराला जोर न लावता तो वळवायचा. ब्रूस ली हाँगकाँगमध्ये इप मान यांच्याकडे हीच विद्या शिकला. आणि तिला नाव आहे ते एका मुलीचे.

इप मान यांच्या परंपरेतील कथा अशी: यिम विंग चुन ही टोफू विकणाऱ्याची मुलगी. एक गावगुंड तिच्याशी बळजबरीने लग्न करू पाहतो. शाओलिनमधून निसटलेली एक भिक्षुणी तिला आपल्याकडे नेऊन विद्या शिकवते. मुलगी परतते, गुंडाला आव्हान देते आणि जिंकते. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. परंतु आपण साहित्याची माणसे. दंतकथा खोटी ठरवून मोकळे होणे हे आपले काम नाही. ती नीट वाचणे हे आहे.

नीट वाचली तर काय दिसते? तिला आसरा देणारे कोणीतरी होते. शिकायला अवधी मिळाला. लढत आव्हान देऊन, ठरवून झाली. आणि हरल्यावर गुंडाने हार मानली. यातले काहीच तिच्या मुठीच्या जोरावर अवलंबून नव्हते. पुढे ती विद्या तिच्या नवऱ्याकडे जाते आणि तिथून इप मान यांच्यापर्यंतच्या परंपरेत पुरुषांचीच नावे येतात. बाई उरते ती नावापुरती.

आता कथेतून इतिहासात येऊ. वणीहून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. देसाईगंज १९७२ साली याच जिल्ह्यात होते. त्या वर्षी २६ मार्चला तिथल्या पोलीस ठाण्यात जे घडले, त्यातून 'मथुरा खटला' उभा राहिला. एका आदिवासी मुलीवरील अत्याचाराबद्दल उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना दोषी ठरवले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, हा त्या निकालाचा एक आधार होता. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी १९७९ साली खुले पत्र लिहून याला जाहीर आव्हान दिले. १९८३ मध्ये कायदा बदलला. तरी केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे कायद्यात स्वच्छ शब्दांत यायला २०१३ साल उजाडावे लागले.

त्या मुलीला विंग चुन येत असते तर? ठाण्याच्या बंद दाराआड, गणवेशातल्या माणसांपुढे, कोणती मध्यरेषा तिने राखली असती? कायद्याने तो जुना प्रश्न मागे घेतला. आपली शिबिरे मात्र तो नकळत परत आणत आहेत. काल विचारले जाई, 'विरोध का केला नाहीस?' उद्या विचारले जाईल, 'शिकवले होते ना, मग?' कौशल्याचे कर्तव्य झाले की जखम नसणे हाच पुन्हा गुन्हा ठरतो.

'मग मुलींनी शिकूच नये का?' असा प्रतिवाद होईल. जरूर शिकावे. अंगात बळ येणे, भीती ओसरणे ही मोठीच कमाई आहे. पण संस्थेने आपली जबाबदारी त्या मुलीच्या मनगटावर टाकू नये. अंतर्गत तक्रार समिती २०१३ च्या कायद्याने आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी बंधनकारक केली आहे. तिच्या सदस्यांची नावे किती विद्यार्थिनींना ठाऊक असतात? संध्याकाळच्या एस.टी.साठी थांब्यावर उभ्या असलेल्या मुलींची चिंता कोणत्या ठरावात असते? आणि शिबिराच्या सभागृहात मुलगे का नसतात?

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून जाब विचारला तो पुरुषांना. आपण तो ग्रंथ वर्गात शिकवतो, आणि शिबिरात मात्र जाब मुलींकडे मागतो.