मांडलेले काम मांडलेलेच राहू द्या

घरात इलेक्ट्रॉनिक्सचे काम सुरू करायचे म्हटले की पहिली पसंती भिंतीवर दुमडणाऱ्या टेबलाला मिळते. वन रूम किचन, त्यात पलंग, कपाट, मुलांची दप्तरे. काम झाले की टेबल भिंतीला टेकवायचे आणि खोली मोकळी करायची. हिशेब बिनतोड वाटतो, पण मला तो अजिबात पटत नाही. चार फुटी दुमडणाऱ्या टेबलापेक्षा अडीच फुटांचे, पण कायम उभे असलेले टेबल घ्यावे, असे माझे मत आहे. जागा जितकी कमी, तितके ते अधिक ठाम.

याचे कारण कामाच्या स्वभावात आहे. हे काम एका बैठकीत उरकत नाही. जुना ॲम्प्लिफायर उघडला, तपासता तपासता एक ट्रान्झिस्टर गेलेला सापडला, तसा दुसरा घरात नाही. आता रविवारपर्यंत थांबायचे. तोवर सुटे केलेले स्क्रू, तात्पुरत्या जोडलेल्या वायरी, अर्धवट भरलेला ब्रेडबोर्ड आणि कुठल्या बिंदूवर किती व्होल्ट मिळाले याची कागदावरची टिपणे जिथल्या तिथे हवीत. टेबल दुमडायचे म्हणजे हे सगळे डब्यात कोंबायचे. पुढच्या वेळी डबा उघडल्यावर निम्मा वेळ मागच्या जागी पोहोचण्यातच जातो. असे दोनचारदा झाले की ॲम्प्लिफायर माळ्यावर चढतो. डिप्लोमाला असताना उत्साहाने सोल्डरिंग आयर्न घेतलेल्या कितीतरी मुलांचा नाद इथेच सुटतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

अमेरिकेतील ‘लिनिअर टेक्नॉलॉजी’मध्ये जिम विल्यम्स नावाचे ॲनालॉग सर्किटचे थोर अभियंते होते. 2011 मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयाने त्यांचे कामाचे टेबल लोकांना पाहायला मांडले, पसाऱ्यासकट. एकमेकांवर रचलेली उपकरणे, वायरींची जाळी, मधेच उभी केलेली सर्किटे. विचार डोक्यात चालतो तसा टेबलावरही चालू असतो, हे तिथे दिसत होते. एवढा पसारा आपल्या घरांना परवडणार नाही, पण एक काम मांडलेले राहील एवढी जागा परवडू शकते.

ती किती लागते, हे पाहायचे तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीच्या परिसरात मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांकडे जावे. एका माणसाच्या खांद्यांपेक्षा थोडी जास्त रुंदी, बस्स. समोर मॅट, तिच्यावर मायक्रोस्कोप, उजव्या हाताला हॉट एअर आणि आयर्न. बाकी सगळे भिंतीवर: चिमटे, पान्हे, सुट्या भागांच्या डब्या, टांगलेल्या केबली. टेबलाच्या पाटावर फक्त हातातले काम. छोट्या जागेत काम करण्याची याहून चांगली शाळा मला माहीत नाही. रुंदी कमी पडते ही तक्रार बहुतेक वेळा भिंत रिकामी ठेवल्याची असते.

तेव्हा मापे घेताना रुंदी 75 ते 90 सेंटिमीटर पुरे. खोली मात्र शक्यतो 60 हवी. कोपरे टेकवून बसल्यावर हात सहज फिरतो तो साधारण 35 ते 40 सेंटिमीटरपर्यंत. त्यामागे उपकरणांसाठी फळी, पाटापासून हातभर वर. पूर्वी हे जमत नव्हते, कारण जुन्या काचनळीच्या ऑसिलोस्कोपची खोलीच दीड फुटाच्या आसपास असे आणि एकटा तोच निम्मे टेबल खायचा. आजचे डिजिटल ऑसिलोस्कोप जेमतेम 12 ते 15 सेंटिमीटर खोल असतात. पुस्तकांच्या फळीवर मावतात. घरगुती वर्कबेंच लहान होऊ शकले ते यामुळे.

उंचीकडे फारसे कुणी पाहत नाही. अभ्यासाचे टेबल सुमारे 75 सेंटिमीटर उंच असते, आणि लिहायला ते ठीकच आहे. पण आजच्या बोर्डावरचा 0402 मापाचा रेझिस्टर एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. तो बसवायला माणूस वाकतो आणि तासाभरात मान धरते. घड्याळदुरुस्ती करणारे कारागीर उंच टेबल का वापरतात ते पाहा: काम डोळ्यांजवळ येते आणि दोन्ही हात कोपरापासून टेकलेले राहतात. पायांखाली ठोकळे घालून टेबल दहा सेंटिमीटर उचलले तरी फरक कळतो.

टेबल हलता कामा नये. भिंगाखाली पाहताना हलकासा थरथराटही मोठा दिसतो, आणि दुमडणाऱ्या टेबलाचा ब्रॅकेट कितीही चांगला असला तरी कोपराच्या भाराने थोडा लवतोच. माझी आवडती सोय जवळजवळ फुकट आहे: शिलाई मशीनचे बिडाच्या पायांचे जुने टेबल. अनेक घरांत ते अडगळीत पडलेले असते. जड, बुटके, कोपऱ्यात मावणारे. वर 18 मिलिमीटरचा प्लायवूड सुताराकडून पक्का बसवून घ्या, म्हणजे मशीनची खाच झाकली जाते, थोडी उंची मिळते आणि पाट मागेपुढे वाढवून हवी ती खोलीही मिळते. ओल येणाऱ्या भिंतीजवळ एमडीएफ नको, पावसाळ्यात फुगतो. लोखंडी पत्र्याचा पाट तर मुळीच नको. मोबाइल चार्जर किंवा टीव्हीचा पॉवर सप्लाय उघडलात तर आत 230 व्होल्टचे सुमारे 325 व्होल्ट डीसी झालेले असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते काही काळ धरून ठेवतो.

मॅटबाबत दुकानात गफलत होते. निळी सिलिकॉनची मॅट आयर्नची उष्णता सोसते, पण स्थिर विद्युतभार वाहून नेण्याचे काम तिच्याकडून सहसा होत नाही. त्यासाठी दोन थरांची ईएसडी रबर मॅट लागते, आणि तिला एक मेगओहम रेझिस्टरमधून अर्थिंग जोडावे लागते. जुन्या इमारतीत तिसऱ्या पिनच्या भोकात वायर आहे की नाही, हे आधी वायरमनकडून तपासून घ्या. टेबलावरच्या सगळ्या सॉकेटना एकच मुख्य स्विच असावा, आणि तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग नको, याबाबत मी तडजोड करणार नाही. नेहमीच्या 60/40 सोल्डरमध्ये 40 टक्के शिसे असते. आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ होण्याची भीती नगण्य आहे. पण ते बोटांना आणि पाटाला लागते, तिथून ताटात जाते आणि लहान मुलांच्या पोटात. धूर येतो तो फ्लक्समधल्या राळेचा, आणि त्याने दमा जडू शकतो. टेबल खिडकीशेजारी असावे आणि संगणकातला 120 मिलिमीटरचा जुना पंखा धूर चेहऱ्यापासून बाहेर ओढेल असा लावावा. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

उरला प्रश्न कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांचा. त्यांना कायमचे टेबल कुठून मिळणार? त्यांनी चारही बाजूंना बोटभर काठ असलेला 40 बाय 50 सेंटिमीटरचा लाकडी ट्रे करून घ्यावा आणि आत मॅट चिकटवावी. बोर्ड, स्क्रू, वायरी, टिपणांचा कागद सगळे ट्रेमध्येच मांडायचे आणि उठताना काहीही न हलवता ट्रे कॉटखाली सरकवायचा. आयर्न आणि मीटर वेगळ्या पिशवीत. ट्रे करायला टाकण्याआधी कॉटखालची उंची मोजा आणि बोर्डवरच्या सर्वांत उंच भागाला, म्हणजे बहुधा ट्रान्सफॉर्मर किंवा हीटसिंकला, ती पुरते का ते पाहा.