समुपदेशकही मानवावा लागतो

पालक सभा संपल्यावर दोन-तीन पालक मागे रेंगाळतात आणि आजूबाजूला कुणी नाही असे बघून हळूच विचारतात, "सर, कुणी चांगले, ओळखीचे समुपदेशक आहेत का?" पूर्वी हा प्रश्न आम्हा शिक्षकांपर्यंत येतच नसे. आता येतो, ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्यातल्या 'चांगले' आणि 'ओळखीचे' या दोन शब्दांविषयी पालकांशी, आणि वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांशीही, थोडे बोलावे असे आम्हाला वाटते.

आधी 'चांगले'. एखाद्या डॉक्टरांचा एका घराला गुण येतो, शेजारच्या घराला येत नाही, हे आपण सहज मान्य करतो. औषध मानवले नाही तर बदलून घेतो आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. मनाच्या उपचारांत मात्र आपण वेगळेच वागतो. मुलाला एकदा नेले, तो तिथे गप्प बसला आणि पुन्हा यायला तयार नाही, की घरात दोनच निष्कर्ष निघतात: मुलगा हट्टी आहे, नाहीतर समुपदेशनात काही अर्थ नाही. त्या व्यक्तीची पद्धत या मुलाला मानवली नसेल, ही तिसरी शक्यता कुणाच्या मनातही येत नाही.

एडवर्ड बोर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याच्या तीन बाजू सांगितल्या. कशासाठी यायचे यावर दोघांचे एकमत, त्यासाठी काय करायचे यावर एकमत, आणि एकमेकांवर विश्वास. हे नाते जुळले असेल तर उपयोग अधिक होतो, मग पद्धत कोणतीही असो, असे नंतरच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे. आपल्या घरांत गाडी बहुधा पहिल्याच बाजूपाशी अडते. आईवडिलांना टक्के वाढायला हवे असतात, मुलीला रात्री शांत झोप हवी असते. समुपदेशकांनी नेमके कशावर काम करायचे, हे तिच्यासमोर बोलून ठरवलेले बरे.

पद्धतींत खरोखरच फरक असतो. एरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत, जिला आज सीबीटी म्हणतात, मनात आलेला विचार कागदावर लिहायचा, तो कितपत खरा आहे ते तपासायचे आणि पुढच्या भेटीला गृहपाठ करून यायचे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत याच कुळातली. मुंबईचे डॉ. कि. मो. फडके यांच्यामुळे ती मराठी वाचकांच्या ओळखीची झाली. परीक्षेच्या धास्तीने ज्याच्या पोटात गोळा येतो, त्या मुलाला असे नेमके काम हाती आले की बरे वाटू शकते. पण जिची आजी नुकतीच गेली आहे अशा मुलीला पहिल्याच दिवशी तक्ता भरायला दिला, तर ती दुसऱ्यांदा जाणार नाही. तिला कार्ल रॉजर्स यांच्या वळणाचा, घाई न करता ऐकून घेणारा माणूस लागेल. लहान मुले खेळातून, चित्रांतून बोलतात. काही वेळा तर अडचण एकट्या मुलाची नसतेच आणि सगळ्या घराला समोर बसवणारे समुपदेशक शोधावे लागतात. (हे सांगितले की वडिलांना त्याच दिवशी ऑफिसचे काम निघते, हाही आमचा अनुभव!)

पहिल्या भेटीत शिक्षण विचारायला संकोच नको. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधे ते देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तिचा क्रमांक विचारता येतो. 'समुपदेशक' या पाटीवरून मात्र फारसे काही कळत नाही. पदवी कोणती, काम कुणाच्या देखरेखीखाली शिकलात, हे विचारावे.

आपल्या सीमाभागात भाषेचा प्रश्नही आहे. बेळगावात तज्ज्ञ आहेत, धारवाडला डिमहान्ससारखी सरकारी संस्था आहे, पण समोरच्या माणसाला मराठी येईलच असे नाही. "कसंतरी होतंय", "हुरहूर लागते", "जीव थाऱ्यावर नाही" यांना कानडीत किंवा इंग्रजीत शब्द सापडतीलही, पण रडू आवरत नसताना नववीतल्या मुलाने ते शोधत बसायचे का? आणि आई दुभाषी म्हणून शेजारी बसली, तर तो आईबद्दल काय बोलणार? तेव्हा मराठी येते का असे विचारण्यात भाषाभिमान मिरवणे नाही, ती उपचाराची गरज आहे. याची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. लाजेची गोष्ट घरच्या भाषेत सांगणे काही मुलांना जड जाते आणि ती हिंदीत किंवा इंग्रजीत मोकळी होतात. मित्रांशी दिवसभर कानडीत बोलणाऱ्या मुलाला कानडी समुपदेशकही छान चालतील. भाषा मुलालाच विचारावी.

आता 'ओळखीचे'. आपला समाज गल्ल्या, मंडळे आणि सोयरिकी यांनी इतका एकमेकांत गुंतलेला आहे, की समुपदेशक बाई मावशीच्या नणंदेच्या मैत्रीण निघतात. पालकांना त्यात आधार वाटतो, मुलाला भीती वाटते, आणि मुलाची भीती आम्हाला रास्त वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. अर्थात त्याला मर्यादा आहेत. जिवाला धोका असेल तर सांगावे लागते, आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवावेच लागते. मूल अठरा वर्षांखालचे असल्याने पालकांना काय सांगायचे आणि काय नाही, हे पहिल्याच भेटीत मुलासमोर स्पष्ट व्हावे.

विद्यार्थी मित्रांनो, "मला ते आवडले नाहीत" असे तुम्ही म्हणता तेव्हा त्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. टाळत आलेला विषय निघाला आणि घरी येताना जड वाटले, ही एक. तेवढ्यावरून नाव काढून टाकू नका, तीन-चार भेटी द्या. दुसरी गोष्ट वेगळी. ऐकून न घेता उपदेश करणे, दुसऱ्या मुलाची हकीकत नावानिशी सांगणे, पंधरा दिवसांत बरे करण्याची हमी देणे, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करायला सांगणे. इथे चौथ्या भेटीची वाट पाहू नका, घरी सांगा. आणि नुसतेच जुळत नसेल, तर तसे समुपदेशकांनाच सांगून पाहा. आपले काम जाणणारा माणूस रागावत नाही, पद्धत बदलतो किंवा दुसरे नाव सुचवतो. समुपदेशक बदलले तरी चालू असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कुणी करत असेल, तर मात्र ही सगळी निवड बाजूला ठेवावी. त्याला एकटे सोडू नये, जवळच्या रुग्णालयात न्यावे. १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली 'टेली मानस' ही सरकारी सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.

विश्वस्त मंडळापुढे शाळेत समुपदेशक नेमण्याचा विषय आहे. तो मंजूर व्हावा असे आम्हाला मनापासून वाटते. पण खोली मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून नसावी. तीच व्यक्ती गैरहजर शिक्षकांचे तास घेऊ लागली किंवा शिस्त समितीवर बसली, तर एकही मूल त्या दाराशी जाणार नाही. शिवाय एका व्यक्तीची पद्धत सगळ्या मुलांना मानवणे शक्य नाही. म्हणून बाहेरच्या चार-पाच तज्ज्ञांची यादी शाळेने तयार करावी. तीत शिक्षण, पद्धत, बोलण्याच्या भाषा आणि फी लिहावी, आणि फी न परवडणाऱ्यांसाठी सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागाचे दिवस व वेळाही द्याव्यात. ही यादी कार्यालयात मागून घ्यावी लागू नये. फलकावर लावावी, म्हणजे जाता-येता कुणालाही उतरवून घेता येईल.