गारव्याचा न्याय

सध्या एक मत मोठ्या हिरीरीने प्रतिपादिले जाते, की घरोघरी वातानुकूलन यंत्र बसले म्हणजे उन्हाळ्याचा प्रश्न मिटला. याच्या विरुद्ध टोकाला दुसरे एक गोंडस मत आहे : पूर्वजांची मातीची घरे पुन्हा बांधा, सारे आपोआप थंड होईल. पहिले मत विक्रेत्यांच्या सोयीचे, दुसरे पंख्याखाली बसून गतकाळ आळविणारांचे. सावरगावच्या वैशाखात ही दोन्ही तपासून पाहावीत.

सावरगाव हे पांढुर्णा-सौंसरच्या टापूतले. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठी मुलूख मध्यप्रदेशात राहिला, 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला; हवा मात्र नागपूरचीच राहिली. पारा 43 अंशांवर आणि आर्द्रता 20 टक्क्यांवर असते, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे 25 अंशच दाखवितो. या 18 अंशांच्या तफावतीत कूलरचे सारे सामर्थ्य साठवलेले आहे. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतून सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता शोषून घेते. म्हणूनच दीड-दोनशे वॅटचा चांगला कूलर 28-29 अंशांची हवा देऊ शकतो. दीड टनी वातानुकूलन यंत्राला सुमारे दीड हजार वॅट लागतात. वाळ्याच्या ताटीवर पाणी शिंपडणारी जुनी मंडळी हेच तत्त्व राबवीत होती.

हाच कूलर पणजीला वा मालवणला न्या. तेथे 33 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असता ती तफावत जेमतेम चार अंशांची उरते; यंत्र गारवा देत नाही, ओल तेवढी वाढविते. आषाढात सावरगावची गत याहून निराळी नसते. अशा वेळी वारा खेळविणे हाच स्वस्त उपाय : समोरासमोरच्या खिडक्या, आणि सत्तर-पंचाहत्तर वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी तीस-पस्तीस वॅटचा नवा. पण कार्यक्षमतेचे ताऱ्यांचे चिन्ह पाहा! पणजीच्या आणि पांढुर्ण्याच्या ग्राहकाला ते एकच. देशभर एकाच ठरीव तपमान-तासांवर ते बेतलेले असून, ओल किती निघेल याचा वेगळा हिशेब त्यावर मिळत नाही.

मातीच्या घराचे गोडवे गाणारांनाही विचारले पाहिजे, की दर पावसाळ्यापूर्वी छप्पर कोण शाकारणार? वानरांनी फोडलेली कवेलू कोण बदलणार? भिंती कोणाच्या हातांनी सारवल्या जाणार? तसेच कूलरच्या भक्तांनी हेही ध्यानी घ्यावे, की जेथे पाणी डोक्यावरून येते, तेथे कूलरची तहान घरच्या बाईच्या मानेवर पडते.

तेव्हा यंत्राआधी छपराचा विचार हवा. उघडा पत्रा दुपारी भट्टी होतो. काँक्रीटची स्लॅब दिवसाची उष्णता रात्री अंगावर ओतते. हे सरकारला ठाऊक नाही, असे नव्हे. 2018 सालच्या इको निवास संहितेने छपरातून येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली : चौरस मीटरमागे, दर अंश फरकास, 1.2 वॅट. पण ही संहिता कोणाच्या घराला? 500 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील इमारतींना! 2022 च्या कायदादुरुस्तीने निवासी इमारती कक्षेत आणल्या, त्याही 100 किलोवॅट जोडभारापासून पुढच्या. आणि ग्रामीण आवास योजनेतील घरकुल? त्याचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर. म्हणजे ज्याला यंत्र विकत घेता येते त्याच्या छपराची काळजी कायदा वाहतो, आणि ज्याला छपराखेरीज दुसरा आधार नाही त्याला उन्हाच्या स्वाधीन करतो. याला न्याय म्हणावयाचे काय?

'छोट्या घरांवर नियम लादले तर गरीब भरडला जाईल,' असा आक्षेप येईल. स्वखर्चाने घर उभारणाराच्या बाबतीत तो रास्त आहे. पण घरकुलाचे पैसे शासनच देते, सपाटीच्या प्रदेशात 1 लाख 20 हजार, आणि तेही बांधकामाचा टप्पा पाहून हप्त्याने देते. त्याच टप्प्यांत छपरावर पांढरा परावर्तक लेप, पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे आढे आणि समोरासमोर दोन खिडक्या, एवढ्यांची तरतूद का नसावी? वाढीव खर्च शासनाने सोसावा. लाभार्थ्याच्या हप्त्यातून तो कापू नये. तेलंगणाने 2023 साली थंड छपरांचे धोरण जाहीर केलेच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने चमेली सिंग खटल्यात निवाऱ्याच्या हक्कात पुरेसा उजेड आणि शुद्ध हवा यांचा समावेश केला. 2024 साली रणजितसिंह खटल्यात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या 14 व्या आणि 21 व्या अनुच्छेदांत पाहिला. हे हक्क मोठ्या भूखंडांपुरते आहेत, असे त्या निकालांत कोठेही लिहिलेले नाही. मग ते संहितेत कोणाच्या अनुज्ञेने आले? सावरगावच्या पत्र्याखाली रात्र काढणाऱ्या म्हातारीला या प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते पुढच्या वैशाखाआधी मिळाले पाहिजे.